कोरड्या ओढ्याची बाजू

मे महिन्यात शहरातल्या ओढ्याला पाणी दिसलं, तर ते कुठून आलं असेल? पावसाळी गटारांचे आराखडे करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं हा प्रश्न मला पडलाच नाही. ओढा म्हणजे नकाशावरची निळी रेघ. तिच्यातून अमुक इतकं पाणी जायला हवं, म्हणून अमुक मापाची काँक्रीटची पेटी टाकायची, एवढंच मला शिकवलेलं होतं. एका उन्हाळ्यात नालेसफाईच्या पाहणीला गेलो असताना सोबतच्या मुकादमाने विचारलं, ‘‘साहेब, आमच्या गावचा ओढा होळीलाच आटतो. ह्यो बारा महिने कसा वाहतोय?’’ तो काळपट, संथ, फेसाळ प्रवाह आम्ही दोघंही पाहत होतो. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते बोलायला मला वेळ लागला. ओढा केव्हाच आटला होता. वाहत होती ती आमची मोरी आणि संडास.

त्याच दिवशी मी त्या ओढ्याची रुंदी पावलांनी मोजली. टेकडीजवळच्या पुलाशी चौदा पावलं भरली, मधल्या वस्तीपाशी अकरा, आणि नदीजवळ, जिथे साऱ्या खोऱ्याचं पाणी एकत्र येतं, तिथे नऊ. निसर्गातला ओढा सहसा खाली जाईल तसा रुंदावत जातो, कारण वाटेत त्याला ओहोळ येऊन मिळत असतात. आमच्या शहरात तो खाली जाईल तसा आवळत गेला होता. खालची जागा महाग, म्हणून ती आधी गिळली गेली. त्या नऊ पावलांच्या भिंतींच्या नकाशावर इतरांबरोबर माझीही सही होती.

हे पुस्तक हाती आलं तेव्हा हा प्रसंग आधी आठवला. शहरातल्या दुर्लक्षित ओढ्या-नाल्यांना चांगल्या रचनेच्या बळावर पुन्हा जिवंत कसं करता येईल, हा त्याचा विषय. मराठीत नद्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या नद्यांना घडवणारे ओढे मात्र तळटीपेतही क्वचितच सापडतात.

मुळात आपला ओढा कसा असतो, ते पाहू. पुण्यासारख्या शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टेकडीवरच्या गवतातून, मुरमातून, काळ्या खडकाच्या फटींतून मुरलेलं पाणी ओढ्याला दिवाळीपर्यंत, कधी संक्रांतीपर्यंत पाझरत राहतं. मग धार तुटते आणि डोह उरतात. पुढे डोहही आटतात, पण गोट्यांखालची वाळू ओली असते. काठच्या उंबराला, करंजाला, वाळुंजाला तेवढी ओल पुरते. म्हणजे ओढ्याचं कोरडेपण हा त्याच्या वर्षाचाच एक भाग आहे. वर्षातले चार-पाच दिवस तो दुथडी भरून येतो आणि त्या दिवसांसाठी उरलेले दिवस जागा राखून ठेवतो. शहराला ती राखीव जागा मोकळी वाटली. कोरडं पात्र म्हणजे रिकामा भूखंड, या एका गैरसमजातून पुढचं सगळं घडत गेलं.

भाषेतही ही घसरण दिसते. ओघळ, ओहोळ, पऱ्ह्या, ओढा, नाला, कोकणात आणि गोव्यात व्हाळ : वाहत्या पाण्याच्या आकारमानाप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे आपल्याकडे शब्द होते. ‘नाला’ हा शब्दही मूळचा वाईट नाही. पाणलोटाच्या कामात आजही ‘नाला बंडिंग’ आदरानेच म्हटलं जातं. पण शहरात ओढ्याचा नाला झाला, नाल्याचं गटार झालं आणि गटाराचं ‘ड्रेनेज’. सात-बाऱ्यावर ओढ्याखालची जमीन ‘पोटखराबा’ म्हणून लिहिली जाते. शेतकऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की तिथे पीक येत नाही. शहराने त्यातला ‘खराबा’ तेवढा वाचला. आणि ‘ओढा’ या शब्दाला मनाची ओढ हाही अर्थ आहे, हे मला फार वर्षांनी जाणवलं.

ओढ्यांना वळवणं ही आजची गोष्ट नाही. पुण्याचा आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. पेशवाईत, नानासाहेबांच्या काळात, त्याचा प्रवाह वळवून पश्चिमेला नेला गेला आणि शहराला नव्या पेठांसाठी जागा मिळाली. पर्वतीच्या पायथ्याशी जे तळं झालं, तिथे आज सारसबाग आहे. कात्रजच्या तलावांतून भुयारी नळाने शहराला पाणी आणलं गेलं तेही याच काळात. एकाच ओढ्याच्या पाण्याला अडवणं, पिणं, वळवणं आणि उरलेलं नदीला देणं, हा व्यवहार त्यात दिसतो. तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. वळवलेला ओढा आपली जुनी वाट विसरत नाही. पण ज्यांनी तो वळवला त्यांना त्याच्या पाण्याची गरज होती, म्हणून त्याची काळजीही होती. धरणाचं पाणी नळाने घरात आल्यावर ओढ्याशी असलेलं आपलं देणं-घेणं संपलं. शहराला त्याचा उपयोग उरला तो फक्त नकोसं ते वाहून नेण्यापुरता.

आधुनिक गटारशास्त्राचा उगम युरोपातल्या कॉलऱ्याच्या साथींत आहे. लंडनमध्ये १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशी साथीचा संबंध जोडला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचं कामकाज जवळजवळ अशक्य केलं आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांना मंजुरी मिळाली. फ्लीटसारखी टेम्सची उपनदी तोवर जमिनीखाली गेलीच होती, पॅरिसची बिएव्र पुढे १९१२ पर्यंत शहरातून दिसेनाशी झाली. या अभियंत्यांना दोष देणं मला पटत नाही. त्यांनी लाखो जीव वाचवले. पण त्यांच्या यशामुळे एक समजूत जगभर रुजली : पाणी दिसता कामा नये, आणि ते जितक्या लवकर शहराबाहेर जाईल तितकं चांगलं.

या समजुतीला एक सूत्र मिळालं. आयर्लंडचे मुलव्हेनी यांनी १८५१ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि १८८९ मध्ये अमेरिकेत कुइचलिंग यांनी ती शहरी गटारांसाठी रूढ केली. आम्ही तिला ‘रॅशनल मेथड’ म्हणून शिकलो. पाणलोटाचं क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून येतं त्याचा गुणांक, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओढ्यात येणारा प्रवाह. शंभर हेक्टरांच्या टेकडीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरा. गवत-झाडी असेल आणि गुणांक ०.३ असेल, तर सेकंदाला सुमारे चार घनमीटर पाणी येतं. तीच टेकडी घरं, डांबर आणि फरशांनी झाकली आणि गुणांक ०.८ झाला, की तोच पाऊस अकरा घनमीटर पाणी आणतो. शिवाय ते लवकर येतं, कारण वाटेत त्याला अडवणारं काही नसतं. आकाशातून थेंबभरही जास्त न पडता पूर जवळजवळ तिप्पट होतो. हे सूत्र वापरताना आम्ही गुणांक निमूट वाढवत गेलो आणि पेटीचं माप मोठं करत गेलो. गुणांकच कमी कसा करता येईल, हा प्रश्न सूत्रात होता, पण तो आमच्या खात्याचा मानला जात नव्हता.

काँक्रीटच्या शाळेचं सर्वात मोठं उदाहरण लॉस एंजेलिस. १९३८ च्या पुरानंतर तिथल्या नदीला लष्कराच्या अभियंत्यांनी सुमारे ८२ किलोमीटर लांबीच्या, बहुतांशी काँक्रीटच्या नालीत घातलं. गुळगुळीत काँक्रीटमधून पाणी गवताळ, दगडगोट्यांच्या पात्रापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने धावतं, म्हणून कमी रुंदीत भागतं आणि काठची जमीन मोकळी होते. ‘नाला ट्रेनिंग’ या नावाने आपल्याकडे आलं ते हेच. नाल्याला वळण लावणं, असा त्या शब्दांचा अर्थ. प्रत्यक्षात त्याची सगळी वळणं काढून टाकणं. वरच्या वस्तीचं पाणी या नालीने लवकर काढून दिलं की ते खालच्या वस्तीवर लवकर जाऊन आदळतं. बंद पेटीचं तर विचारूच नये. आत राडारोडा अडकला तर दिसत नाही, दिसला तर काढता येत नाही, आणि काढायला माणूस उतरवला तर विषारी वायूने तो मरतो. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने पूर्ण बंद केलं आहे. जिथे माणूस उतरवल्याशिवाय साफ होऊच शकत नाही अशी रचना आजही मंजूर होते, याचा मला राग येतो.

काँक्रीटच्या शाळेविरुद्धचा प्रवाह जर्मन भाषक मुलखातल्या निसर्गस्नेही जलबांधणीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाला होता. इयन मॅकहार्ग यांच्या १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ने नगररचनाकारांना जमिनीचा नकाशा आधी पाण्याच्या अंगाने वाचायला शिकवलं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पुरलेल्या स्ट्रॉबेरी क्रीकचा एक छोटा तुकडा उकरून उघडा केला गेला. पुरलेला ओढा उजेडात आणण्याच्या चळवळीचं ते आरंभीचं उदाहरण मानतात. झुरिचने १९८८ मध्ये शहरातल्या ओढ्यांसाठी धोरणच केलं. त्यामागचं कारण सौंदर्याइतकंच हिशेबाचंही होतं : ओढ्यांचं स्वच्छ पाणी मैलावाहिनीत शिरून शुद्धीकरण केंद्रावर येत होतं आणि स्वच्छ पाणी पुन्हा स्वच्छ करण्याचा खर्च होत होता. हा हिशेब आपल्या महापालिकांच्या अर्थसमित्यांपुढे कुणी मांडला पाहिजे.

दुसरी शाळा ओढ्यापासून नव्हे, छपरापासून सुरू होते. ऑस्ट्रेलियातली जलसंवेदी नगररचना, ब्रिटनमधली शाश्वत निचरा पद्धत, चीनची ‘स्पंज शहरं’ ही सारी एकाच घराण्यातली. पाऊस पडला तिथेच थोडा मुरवा, थोडा थोपवा, उरलेला सावकाश सोडा, हा त्यांचा मंत्र. आपल्याकडच्या पाणलोटाच्या गावांना तो नवा नाही. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र ज्यांनी डोंगरउतारावर राबवलं, त्यांना शहराच्या छपरांवर ते लावायला परदेशी नावाची गरज पडू नये.

रचनेच्या दृष्टीने मला सर्वात शिकण्यासारखं वाटतं ते सिंगापूरच्या बिशान उद्यानातलं काम. तिथल्या कालांग नदीची २.७ किलोमीटरची सरळ काँक्रीट नाली तोडून ३.२ किलोमीटरचा नागमोडी प्रवाह करण्यात आला. २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. छायाचित्रांत लोक पाहतात ते हिरवे काठ आणि पाण्यात उतरलेली मुलं. मी पाहतो ती रुंदी. जुनी नाली १७ ते २४ मीटर होती, नवं पूरपात्र सर्वाधिक रुंद जागी शंभर मीटरच्या आसपास जातं. एरवी त्यातलं बहुतेक मैदान असतं आणि मोठ्या पावसात नदी ते परत घेते. आपले मऊ, हिरवे, झाडाझुडपांचे काठ काँक्रीटएवढंच पाणी नेतील असं कुणी सांगत असेल, तर रुंदी कुठून आणणार ते त्याला विचारावं. आणि सिंगापूरला हे साधलं, कारण तिथे मैलापाणी आधीच वेगळ्या वाहिनीत होतं.

जर्मनीच्या एम्शर नदीची कथा आपल्याला जास्त जवळची. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत होती, भुयारी गटारं टिकत नव्हती, म्हणून ही सुमारे ८० किलोमीटरची नदी शंभर वर्षं उघडं गटार म्हणून वापरली गेली. खाणी सरल्यावर १९९२ मध्ये काम सुरू झालं : शेजारून ५१ किलोमीटरची खोल मैलावाहिनी, मग एकेका उपप्रवाहाची मुक्तता, मग काठांची रचना. २०२१ च्या अखेरीला नदी मैलामुक्त झाली. तीस वर्षं, आणि पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं : आधी पदपथ, दिवे आणि कारंजी, मैलापाणी मग बघू.

सोलच्या चोंगग्येचोनचा उल्लेख टाळता येत नाही. ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा प्रवाह खुला केला, हे धाडस मोठं होतं. पण त्या प्रवाहात खेळतं ते मुख्यतः हान नदीतून पंपाने आणलेलं पाणी. आपले पुढारी आणि अधिकारी सोल पाहून येतात आणि बारमाही पाण्याचं स्वप्न घेऊन येतात. मग ओढ्यात बंधारे घालून पाणी अडवलं जातं, ते साचतं, कुजतं, त्यात जलपर्णी आणि डास होतात, आणि पुराच्या रात्री तेच बंधारे पाण्याला आडवे येतात. दख्खनच्या ओढ्याला उन्हाळ्यात कोरडं राहू द्या, ही या प्रस्तावनेतली माझी मुख्य मागणी आहे. कोरडं, स्वच्छ, वाळू-गोट्यांचं पात्र हे अपयश नाही. एप्रिलमध्ये तिथे मुलांनी क्रिकेट खेळावं, जुलैत तिथे पाणी यावं. आत लहान प्रवाहासाठी अरुंद वाट आणि बाहेर पुरासाठी रुंद पायरी, अशा दुहेरी पात्राची रचना ही आपल्या ऋतूंशी जुळते. परदेशी शाळांकडून तंत्र घ्यावं, पंचांग आपलं ठेवावं.

भारतात या विषयावर काम झालेलं नाही असं नाही. बंगळूरच्या राजकालुवे, म्हणजे एका तलावाचं पाणी पुढच्या तलावाला देणाऱ्या जुन्या वाटा. त्यांपैकी मॅजेस्टिक परिसरातून बेळ्ळंदूर तलावाकडे जाणाऱ्या के-१०० नाल्यावर नागरी जलमार्गाचं काम झालं. मुंबईत वास्तुविशारद पी. के. दास यांनी इर्ला नाल्याच्या काठांना सार्वजनिक जागा म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीजवळून वाहणाऱ्या खाम नदीवर महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, आणि त्यांनी सुरुवात केली ती कचऱ्यापासून. घरातला कचरा रोज उचलला गेला तर तो नदीत येत नाही, इतकी साधी गोष्ट. रचनाकारांना ती कमी प्रतीची वाटते, पण तिच्याशिवाय कोणतीही रचना दोन पावसाळे टिकत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत, पुण्याच्या संदीप जोशी यांचा उदयपूरच्या आहाड नदीत वापरला गेलेला ‘ग्रीन ब्रिज’, या वनस्पती आणि जीवाणूंच्या मदतीने पाणी सुधारण्याच्या वाटाही आपल्याच. माझं मत इतकंच की या रचना ओढ्याच्या पात्रात न ठेवता, मैलापाणी ओढ्यात शिरतं त्या तोंडाशी ठेवाव्यात. पात्र पुराचं आहे. तिथे ठेवलेलं सगळं एक दिवस पूर घेऊन जातो.

मुंबईची अडचण वेगळी. तिथल्या नाल्यांना वरून पाऊस आणि खालून भरती अशा दोन्ही बाजूंनी दाब असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि ते माप दुप्पट करा असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून पडून होता. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी ही नदी आहे, हे त्या रात्री अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं. माधव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने त्या पुराची कारणं नोंदवली आहेत. त्यानंतर मिठीचं पात्र रुंद झालं हे खरं, पण तिच्या बऱ्याच काठांवर उभ्या भिंतीही आल्या. मिठीचा खाडीकडचा काठ खारफुटीचा. भिंत आणि खारफुटी एकत्र नांदत नाहीत. पणजीच्या सांतिनेज खाडीपुढेही भरतीचा आणि सांडपाण्याचा हाच दुहेरी पेच आहे.

पुण्याला आपल्या ओढ्याची ओळख २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पटली. कात्रजकडून आलेल्या लोंढ्याने आंबील ओढ्याच्या काठच्या सोसायट्या आणि वस्त्या अंधारात गाठल्या. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मी त्या काठाने चाललो. कोसळलेल्या सीमाभिंती, एकमेकांवर चढलेल्या गाड्या, आणि नळाच्या मोऱ्यांच्या तोंडाशी अडकलेला प्लास्टिक, फांद्या, गाद्यांचा बुचा. एका सलग कमानीच्या जागी चार नळ टाकले की पैसे वाचतात, हे मीही कधी तरी लिहिलेलं होतं. त्या बुच्यासमोर उभं राहून मला ते वाक्य आठवलं.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर पहिला हातोडा वस्तीवर पडतो. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठची घरं पाडायला यंत्रं आली. पावसाळा तोंडावर, कोरोनाची साथ सुरू, आणि लोकांचं सामान रस्त्यावर. न्यायालयाने स्थगिती दिल्यावर पाडापाडी थांबली. पूररेषेत माणसांनी राहू नये हे मला मान्य आहे. निळ्या रेषेत, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, राहणं हे जिवाशी खेळणं आहे. पण निळी रेषा पत्र्याच्या घरापाशी जितकी ठळक दिसते, तितकीच ती संगमरवरी प्रवेशद्वाराच्या इमारतीपाशीही दिसली पाहिजे. ओढ्याची रुंदी कोणी किती घेतली, याची मोजणी वरपासून खालपर्यंत एकाच टेपने व्हावी. वस्तीतल्या लोकांना जवळच घर मिळेपर्यंत त्यांच्या काठाला हात लावू नये, असं मी आज म्हणतो. नोकरीत असताना म्हणालो नव्हतो.

हे सगळं आत्ताच का, याचंही कारण आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. राज्यातल्या इतर शहरांच्या वेशीही पुढे सरकत आहेत. या गावांतले कितीतरी ओढे अजून उघडे आहेत, काही ठिकाणी काठाला उंबर आहेत, पावसाळ्यात खेकडे सापडतात, बांधावरून पलीकडे जाता येतं. मैलावाहिन्या पोहोचलेल्या नाहीत, पण इमारती पोहोचल्या आहेत. वाहिन्या टाकायची वेळ येईल तेव्हा ठेकेदाराला सर्वात सोपी, सरळ उताराची, भूसंपादन न लागणारी जागा दिसेल ती ओढ्याच्या पात्राची. जुन्या शहरात हेच झालं. पात्राच्या मधोमध मैलावाहिनी, तिचे चेंबर खांबासारखे प्रवाहात उभे, आणि पहिल्या पावसात त्यांची झाकणं उडून सगळं ओढ्यात. वाहिनी काठाबाहेरून न्यायची, एवढा एक निर्णय आज या गावांमध्ये घेतला गेला, तर पुढच्या पिढीला एम्शरसारखी तीस वर्षं घालवावी लागणार नाहीत. उघडा ओढा वाचवायचा खर्च पुरलेला ओढा उकरण्याच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

दरवर्षी नालेसफाई होते, मग आणखी काय हवं, असंही विचारलं जातं. जेसीबीने तळ खरवडला की डोह नाहीसे होतात, काठाच्या भिंतींचा पाया उघडा पडतो, आणि काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या सरीबरोबर परत आत येतो. गाळ येतो कुठून, तर फोडलेल्या टेकड्यांवरून आणि बांधकामांच्या राडारोड्यातून. तो उगमाशी थांबवण्याचं काम कुठल्याच निविदेत नसतं. एका ओढ्याचा उगम वनखात्याकडे, मधला भाग महसूल खात्याच्या नकाशावर, काठ खासगी, पूल पथ विभागाकडे, पाणी ड्रेनेज विभागाकडे आणि झाडं उद्यान विभागाकडे असतात. सबंध ओढ्याचा विचार करणारं टेबल कोणत्याही कार्यालयात मला दिसलं नाही.

या पुस्तकाने ते टेबल मांडायचा प्रयत्न केला आहे. जलशास्त्र, वास्तुरचना, वनस्पतिशास्त्र, कायदा आणि वस्तीतलं संघटन अशा वेगवेगळ्या अंगांनी लिहिणारी माणसं त्याच्याभोवती बसली आहेत आणि त्यांचं एकमेकांशी सगळीकडे पटत नाही. काठावर दगड भरलेल्या गॅबियनच्या जाळ्या लावाव्यात की काथ्याची जाळी अंथरून वाळा आणि निर्गुडी लावावी, यावर इथे खराखुरा वाद आहे. संपादकांनी तो मिटवला नाही, याचं मला बरं वाटलं. माझा कल वाळ्याकडे आहे, पण पुलाच्या पायाशी मी आजही दगडच मागेन. पुस्तकात आकडेमोड आहे, ती टाळू नये. दहावीचं गणित तिला पुरतं. मोठ्या नद्यांचे किनारा-विकास प्रकल्प आणि धरणांचं राजकारण लेखकांनी जाणीवपूर्वक बाहेर ठेवलं आहे. भूजलाचा विचार मात्र मला अपुरा वाटला. ओढ्याची धार दिवाळीपर्यंत टिकते ती मुरलेल्या पाण्यामुळे, आणि काठच्या बोअरवेलांमुळे ती किती लवकर तुटते, याची चर्चा पुढच्या आवृत्तीत सविस्तर हवी.

पुस्तकाच्या शेवटी ओढ्याच्या पाहणीचं एक साधं नोंदपत्रक आहे. त्यात कुठलंही उपकरण लागत नाही : पुलांपाशी पावलांनी मोजलेली रुंदी, काठाला मिळणारे पाइप, त्यांतल्या पाण्याचा रंग आणि वास, पात्रातले चेंबर, मोऱ्यांचे नळ, उभी असलेली जुनी झाडं. वाचकांना माझी विनंती आहे की हे पत्रक त्यांनी तीनदा भरावं. पहिल्यांदा मे महिन्यात, म्हणजे पाणी कुणाचं आहे ते कळेल. दुसऱ्यांदा जुलैतल्या एखाद्या जोराच्या सरीनंतर, सुरक्षित अंतरावरून, काठावरच्या कचऱ्याची रेघ किती उंच चढली ते पाहून. आणि तिसऱ्यांदा दिवाळीच्या सुमाराला, जेव्हा पाऊस थांबून काही आठवडे झालेले असतात आणि वरच्या अंगाला, टेकडीच्या अगदी जवळ, गोट्यांमधून अजून थोडं नितळ पाणी येत असतं.